मिरजोळ्याहून मलप्पुरम : इंटरनेट कुणाच्या उपयोगाचं?

मिरजोळे म्हटलं की रत्नागिरीकरांना आधी एमआयडीसी आठवते. इथल्या मासळीप्रक्रिया कारखान्यांतून तयार होणारी सुरिमी परदेशात जाते. त्यामुळे परदेशी खरेदीदाराचा ईमेल आणि तिथला भाव या गोष्टी इथल्या ऑफिसांत रोजच्याच. पण एमआयडीसीच्या रस्त्यावरून आत वळून दहा-पंधरा मैल गेलं, की जांभ्या दगडाच्या सड्यावर मोबाइलला चार दांड्या दिसतात आणि खाली वाडीत उतरलं की एकही नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वाड्या दरीत आणि खाडीकाठी, टॉवर माथ्यावर. २०२०च्या लॉकडाउनमध्ये शेजारच्या सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीला ऑनलाइन तासांसाठी डोंगरावर झोपडी बांधून बसावं लागलं, ती बातमी देशभर गाजली. कौतुक तिच्या जिद्दीचं झालं, झोपडी का लागली यावर कमी बोललं गेलं.

मला मात्र रेंजच्या पुढचा प्रश्न जास्त छळतो. समजा, रेंज आली. पुढे काय? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ‘गावाला जोडायचं’ म्हणून या देशात जे प्रयोग झाले, त्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट परत परत समोर येते. तार कुठवर गेली याची नोंद सरकारदरबारी सापडते, तिचा उपयोग कुणाला झाला याची नोंद शोधावी लागते. यात आपल्या मुस्लिम वाचकांसाठी एक वेगळा धागाही आहे, कारण असा सर्वांत मोठा प्रयोग एका मुस्लिमबहुल जिल्ह्यात झाला आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

सुरुवात महाराष्ट्रापासून करू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेही पहिल्यांदा मोजक्या महानगरांत. चित्रं दाखवणाऱ्या जोडणीचा दर वर्षाला १५ हजार रुपये होता. त्या काळी कोकणातल्या शिक्षकाचे तीन-चार पगार त्यात गेले असते. १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानाचा कृती गट नेमला आणि त्याच सुमारास ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून एक प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातली कोल्हापूर-सांगलीची ७० गावं निवडली गेली. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि थोडा वारणा समूहाचा. गावागावांत संगणक असलेली केंद्रं निघाली. शेतकऱ्याला जगभरचा बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी दाखले आणि मुलांना शिक्षण हे सगळं एका खिडकीत मिळेल, असं चित्र होतं.

काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले संशोधक तिथे जाऊन बसले आणि संगणकावर नेमकं काय चालतं ते पाहू लागले. जगाचा बाजारभाव कुणी बघत नव्हतं. शेतकरी केंद्रावर येत ते तीन-चार गोष्टींसाठी. आपल्या उसाचं वजन किती भरलं, तोडणीची परवानगी कधी, खात्यावर खत किती उचललंय. म्हणजे सगळे प्रश्न कारखान्याशी असलेल्या व्यवहाराचे होते. हे विचारायला पूर्वी कारखान्यावर जाऊन दिवस घालवावा लागे, आता गावात पाच मिनिटांत होत होतं. हा फायदा खरा होता आणि शेतकऱ्यांना तो आवडलाही होता. पण त्यासाठी संगणक, वायरलेस यंत्रणा, बॅटऱ्या आणि दुरुस्ती एवढा खटाटोप कशाला? २००६-०७ च्या सुमारास त्यांनी काही गावांत संगणक काढून साधा मोबाइल ठेवला. ठराविक शब्दांचा एसएमएस पाठवला की उत्तर येई. काम तेच झालं, खर्च बराच कमी झाला. या बदललेल्या प्रयोगाला त्यांनी ‘वारणा अनवायर्ड’ असं नाव दिलं.

वारणेचा प्रयोग फसला असं कुणी म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. तिथे आधीपासून एक सहकारी संस्था होती, तिच्या वह्या होत्या, आणि शेतकऱ्याचा त्या वह्यांशी रोजचा संबंध होता. तार त्या संबंधावर चढली म्हणून चालली. ज्या भागात कारखानाच नाही, तिथे तेच यंत्र नेऊन ठेवलं तर त्याला काय विचारणार? आमच्या कोकणात ऊस नाही, मोठा सहकार रुजला नाही, आंबा-काजूचा व्यवहार बव्हंशी व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर. त्याच संशोधन केंद्राचे एक संस्थापक केंतारो तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये ‘गीक हेरसी’ हे पुस्तक लिहून हाच मुद्दा जगापुढे मांडला. तंत्रज्ञान समाजात आधी जे आहे ते मोठं करतं, असं त्यांचं म्हणणं. चांगली संस्था असेल तर ती मोठी होते, विषमता असेल तर तीही. आयुष्यभर तंत्रज्ञानावर काम केलेल्या माणसाने हे म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता हरिसाल. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातलं, कोरकू आदिवासींचं गाव. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते ‘डिजिटल गाव’ करायला घेतलं. टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट, शाळेत ई-शिक्षण, दवाखान्यात दूरवरच्या डॉक्टरचा सल्ला, दुकानांत कॅशलेस व्यवहार. जाहिरातीही झाल्या. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभेत पडद्यावर हरिसालची चित्रफीत लावली आणि जाहिरातीतल्या तरुणालाच मंचावर उभं केलं. सरकारपक्षाने प्रतिवाद केला, आणि मग आठ दिवस महाराष्ट्रभर हरिसालमध्ये मशीन चालतं की नाही याची चर्चा रंगली. ज्या गावात कुपोषणाने मुलं दगावण्याचा इतिहास आहे, तिथल्या बाईला या जोडणीचा काय उपयोग झाला, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या चित्रफितीत मला तरी दिसला नाही. वारणेला शेतकऱ्याने आपला प्रश्न स्वतः शोधून घेतला होता. हरिसालचे प्रश्न मुंबईत ठरले होते.

मलप्पुरमची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे आणि आपल्याला सर्वांत जवळची आहे. केरळच्या या मुस्लिमबहुल जिल्ह्यातून लाखो माणसं आखातात गेलेली. रत्नागिरी, रायगडच्या मुस्लिम गावांचं आणि मलप्पुरमचं या बाबतीत सख्ख्या भावंडांसारखं साम्य आहे. आमच्याकडेही आधी बोटीवरचे खलाशी, मग केप टाउन आणि आफ्रिका, मग सत्तरच्या दशकापासून कुवैत, सौदी, कतार. घरात बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. संपर्क म्हणजे पंधरा दिवसांनी येणारं पत्र. ज्या बायकांना लिहिता येत नसे त्या कॅसेटमध्ये बोलून ती गावाकडून परतणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवैतवर हल्ला केला, तेव्हा आपला माणूस जिवंत आहे की नाही हे कळायलाही घराघरांत दिवसचे दिवस वाट पाहावी लागली. भारताने पुढे सुमारे पावणेदोन लाख माणसं विमानाने परत आणली, पण त्याआधीचे ते आठवडे आमच्या मोहल्ल्यांतल्या वयस्कर बायका अजून विसरलेल्या नाहीत. ऐंशीच्या दशकात सॅम पित्रोदा यांच्या सी-डॉटने देशी टेलिफोन एक्स्चेंज बनवले आणि त्यातून गावोगाव पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ आले. शुक्रवारी, म्हणजे आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, त्या बूथवर बायकांची रांग लागायची. मीटरवरचे लाल आकडे पळत असायचे आणि अर्धं बोलणं ‘आवाज येतोय का’ यातच संपायचं.

मलप्पुरमलाही हेच चित्र होतं. फरक पडला तो नोव्हेंबर २००२ मध्ये. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘अक्षया’ प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक घरातल्या किमान एका माणसाला संगणक वापरता आला पाहिजे, आणि त्यासाठीचं केंद्र घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असलं पाहिजे, अशी त्याची साधी रचना. केंद्र चालवणारा सरकारी नोकर नव्हता, गावातलाच तरुण किंवा तरुणी कर्ज काढून ते चालवायची. शिकवण्याच्या फीचा मोठा भाग ग्रामपंचायती भरत आणि थोडासा भाग शिकणारा. पंचायती भरू शकल्या, कारण १९९६च्या लोकयोजनेपासून केरळने योजनेतल्या पैशाचा मोठा वाटा थेट स्थानिक संस्थांच्या हाती दिला होता. अभ्यासक्रम जेमतेम पंधरा तासांचा होता. माउस धरणं, मल्याळममध्ये टाइप करणं, ईमेल, आणि इंटरनेटवरून आवाजी संभाषण.

हे शेवटचं फार मोलाचं ठरलं. मलप्पुरमच्या बाईला संगणक कशाला शिकायचा हे कुणी पटवून द्यावं लागलं नाही. नवरा जेद्दाहला, मुलगा दुबईला. बूथवरच्या पळत्या मीटरऐवजी केंद्रात तासाच्या दरात बोलता येत होतं, तोंडही दिसत होतं. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका सकाळची कामं आटोपून केंद्रात जाऊ लागल्या. पन्नाशी-साठीच्या बायकाही त्यात होत्या. २००४ पर्यंत मलप्पुरम हा देशातला पहिला ई-साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिक्षणात मागास म्हणून वर्षानुवर्षं हिणवला गेलेला जिल्हा या एका बाबतीत तिरुवनंतपुरमच्याही पुढे गेला होता.

अर्थात तिथेही सगळं गोड नव्हतं. घरटी एक माणूस शिकून झाल्यावर केंद्राचं उत्पन्न आटलं. कर्ज काढून संगणक घेतलेले अनेक जण अडचणीत आले, कित्येक केंद्रं बंद पडली. जी टिकली ती वीजबिलं, दाखले, अर्ज भरणं अशा सरकारी कामांवर टिकली. आज केरळभर अक्षया केंद्र म्हणजे जवळपास आपल्या ‘आपले सरकार’ केंद्रासारखंच आहे. तरीही एक फरक राहिलाच. तिथे आधी माणूस शिकला, मग सेवा ऑनलाइन झाल्या. आपल्याकडे सेवा आधी ऑनलाइन झाल्या.

केरळनेच पुढे आणखी एक पाऊल टाकलं आणि तेही एका मुस्लिम मुलीमुळे. कोझिकोड जिल्ह्यातल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने कॉलेजच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायला असलेली बंदी मानायला नकार दिला. तिला वसतिगृहातून काढण्यात आलं. ती हायकोर्टात गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने निकाल दिला, की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. त्यानंतर चार महिन्यांनी, काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टाने इंटरनेटवरून मत मांडणं आणि व्यवसाय करणं याला घटनेच्या कलम १९चं संरक्षण आहे असं सांगितलं. त्याच काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण पुरुषांपैकी ४९ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, ग्रामीण स्त्रियांपैकी फक्त २५ टक्क्यांनी. शिरीन कोर्टात गेली ती या पंचवीस टक्क्यांतली होती. उरलेल्या पंच्याहत्तर टक्क्यांसाठी बंदी वसतिगृहाची नसते, घरातली असते. आमच्या जमातींत मुलीच्या हाती मोबाइल नको असं म्हणणारे बुजुर्ग मी पाहिलेत आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची वेळ आली की तिलाच हाक मारणारेही तेच.

मग कोकणात अक्षया का झालं नाही? पैसा कमी नव्हता. आखाताचा पैसा आमच्याकडेही आला, त्यातून घरं झाली, मशिदी झाल्या, शाळाही झाल्या. त्या शाळांचं मोल मी कमी लेखणार नाही. पण तो पैसा कुटुंबाकडून कुटुंबाकडे किंवा जमातीकडे गेला. त्याला ग्रामपंचायतीची जोड कधी मिळाली नाही, आणि पंचायतीकडे स्वतःचा असा पैसा नव्हता. राज्याने २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन करून एमएस-सीआयटी गावोगाव पोचवलं, आणि ते काम मोठंच होतं. पण तो अभ्यासक्रम नोकरीच्या पात्रतेसाठी होता. त्याला बसायचा तो दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी. कुवैतला नवरा असलेली, चौथीपर्यंत उर्दू शिकलेली बाई त्या वर्गात कधी बसणारच नव्हती. तिच्यापर्यंत इंटरनेट पोचलं ते २०१६ मध्ये जिओ आल्यावर, व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलच्या रूपाने. फुकट डेटाने एका झटक्यात जे केलं ते सरकारी योजनांना वीस वर्षं जमलं नव्हतं, हे मान्य केलंच पाहिजे. पण तिला कॉल लावता येतो, फॉर्म भरता येत नाही. आणि या दोन्हींमधलं अंतर किती आहे ते गेल्या वर्षी कळलं.

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा लागू झाला. ६ जूनला ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झालं आणि देशातल्या नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचा तपशील सहा महिन्यांत त्यावर चढवण्याचं बंधन आलं. कायद्याच्या योग्यायोग्यतेवर मी स्वतंत्रपणे लिहीन, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरमध्ये त्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली आहेच. इथे मला फक्त त्या संगणकासमोर बसलेल्या मुतवल्लीबद्दल बोलायचं आहे. नाव, मोबाइल, ईमेल देऊन आधी खातं उघडायचं. मग मशीद, कब्रस्तान, दर्गा, त्यांची जमीन यांची मोजमापं, कागद, नकाशावरचं नेमकं ठिकाण भरायचं. मुतवल्लीने भरलेलं वक्फ मंडळाचा अधिकारी तपासणार, त्यावर आणखी एक अधिकारी मंजुरी देणार.

कोकणात यात एक जुनं गुंतागुंतीचं प्रकरण मिसळलं. आमच्या अनेक जमाती १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या. त्या ट्रस्ट की वक्फ, हा वाद वर्षानुवर्षं कोर्टात होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मुस्लिमांचा प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट आपोआप वक्फ होत नाही. मग आपल्या गावच्या कब्रस्तानाने पोर्टलवर जायचं की नाही? हे सांगणारा वकील शहरात, कागद पेटीत, पेटीची किल्ली ट्रस्टीकडे आणि ट्रस्टी मुंबईला. सातबाऱ्यावर तीन पिढ्यांपूर्वीच्या कुणाचं तरी नाव. त्यातल्या त्यात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागल्याने निदान तलाठ्याच्या फेऱ्या वाचल्या. तो ऑनलाइन सेवेचा खरा उपयोग, आणि त्या दिवसांत तो सगळ्यांना जाणवला.

सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मी आसपासच्या काही जमातींत बसलो. एके ठिकाणी खातं उघडताना जुन्या मुतवल्लींचा नंबर दिला गेला आणि ते मुलाकडे कतारला निघून गेले. मग इथे कुणीतरी लॉगिन करायचं, तिथे त्यांच्या फोनवर ओटीपी येणार, आणि तो व्हॉट्सअॅपवर सांगेपर्यंत त्याची मुदत संपलेली. दुसरीकडे कब्रस्तानाचं ठिकाण नकाशावर नोंदवायला रेंज नव्हती म्हणून दोन पोरांनी सड्यावर चढून अंदाजाने बोट ठेवलं. आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष टाइप करणारी कुणीतरी मुलगी होती. बीकॉमची, डीएडची, एमएस-सीआयटी केलेली. ज्या जमातीच्या बैठकीत तिला बसायची परवानगी नाही, त्या जमातीचं दफ्तर तिच्या लॅपटॉपवर होतं. तिला कागदातली उर्दू वाचता येत होती, सातबाऱ्यातलं मराठी कळत होतं आणि पोर्टलवरचं इंग्रजीही. तिन्ही येणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

शेवटच्या दिवसांत पोर्टल मंदावल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. १ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि ज्यांना हवी त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावं असं सांगितलं. मुदत संपली तेव्हा पोर्टलवर पाच लाखांहून जास्त मालमत्तांच्या नोंदी सुरू झालेल्या होत्या. मंजूर झालेल्या होत्या सव्वादोन लाखांपेक्षा कमी. उरलेल्या अर्धवट, तपासणीत किंवा कागदाअभावी अडकलेल्या.

त्यानंतर आमच्या भागातल्या एका जमातीने दोन ठराव केले. पहिला, जमातीच्या नावाने वेगळं सिमकार्ड घ्यायचं आणि तो फोन मशिदीच्या ऑफिसातच ठेवायचा. दुसरा ठराव जास्त वेळ चालला. दफ्तर चढवणाऱ्या त्या मुलीला महिना मानधन द्यायचं आणि आठवड्यातून दोन दिवस मदरशाच्या खोलीत बसवायचं, म्हणजे शिष्यवृत्ती, हजचा अर्ज, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला यासाठी बायकांना रत्नागिरीला जावं लागणार नाही. एका सदस्याने विचारलं, खोली मर्दांच्या दारातून आहे, बायका येणार कशा? मागच्या बाजूने दुसरं दार पाडायचं ठरलं. गवंडी रमजाननंतर येणार आहे.